भूगोलाचा पाठ : क्रीडास्थळाची निवड

इ. स. 2024 चे ऑलिंपिक सामने पॅरिस येथे भरले. परंतु सर्व खेळ त्या एकाच नगरात झाले नाहीत. शिक्षकांनी फ्रान्सचा नकाशा फळ्यावर काढावा व प्रथम एवढेच विचारावे : "पॅरिसला समुद्र नाही, मग शिडाच्या नौकांच्या शर्यती कोठे घ्याव्यात?" मुले भूमध्य समुद्राकाठचे मार्सेय बोटाने दाखवितील. नेमबाजी शातोरू येथे झाली. कारण तेथे प्रशस्त नेमबाजी केंद्र आधीच उभे होते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले ते येथेच, हे वर्गात अवश्य सांगावे.

लाटांवरून फळीने घसरण्याच्या खेळास उंच लाटा हव्यात. त्यासाठी पॅसिफिक महासागरातील ताहिती बेट निवडण्यात आले. पॅरिसपासून ते सुमारे 15,700 किलोमीटर दूर आहे. तेथे पंचांसाठी उभारावयाच्या मनोऱ्यामुळे प्रवाळांस इजा पोहोचेल, म्हणून रहिवाशांनी विरोध केला. तेव्हा मनोरा लहान व हलका करण्यात आला.

यावरून मुलांकडून चार कसोट्या काढून घ्याव्यात : निसर्ग, उपलब्ध सोय, अंतर आणि तेथील लोकांचे हित.

स्वाध्याय : केंद्रातील शाळांच्या सामन्यांसाठी गाव निवडावयाचे आहे. मुलांनी प्रत्येक गावाचे अंतर, मैदान, पाणी व सावली यांचा तक्ता करावा. सर्वांत दूरच्या वाडीवरील मुलास पहाटे किती वाजता निघावे लागेल, हा रकाना तक्त्यात विसरू नये. तो भरल्यावर पुष्कळदा निवड बदलते.