क्ष-किरण आणि रक्तवाहिनींतील वाट

हात मोडला म्हणजे क्ष-किरणांचें चित्र काढितात, हें तुमच्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. तें चित्र म्हणजे एक प्रकारची सावली होय. हाड किरणांस अधिक अडवितें, मांस फारसें अडवीत नाहीं. म्हणून हाड पांढरें उमटतें. जर्मनींतील वुर्झबर्ग येथें प्रोफेसर राँटगेन यांस ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं या किरणांचा शोध लागला. त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. बोटांतील आंगठीसुद्धां त्यांत स्पष्ट दिसते.

परंतु चित्र पाहून रोग ओळखणें ही एक गोष्ट, आणि चित्र पाहतां पाहतां रोगावर हात चालविणें ही अगदीं निराळी. या दुसऱ्या गोष्टीविषयीं येथें सांगावयाचें आहे.

रक्तवाहिनी हाडाप्रमाणें दिसत नाहीं, कारण रक्त आणि मांस हीं किरणांस जवळजवळ सारखींच. मात्र तींत आयोडीनयुक्त द्रव सोडला तर तो किरणांस अडवितो आणि क्षणभर सारी वाहिनी नदीच्या फांट्यांसारखी पडद्यावर उमटते. जेथें ती चिंचोळी झाली असेल, तेथें प्रवाह सुतासारखा बारीक दिसतो.

१९२९ सालीं बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गांवीं वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरांनीं, वरिष्ठांची मनाई असतांही, स्वतःच्या डाव्या हाताच्या शिरेंतून एक बारीक लांब नळी आंत सारली. नळी तशीच ठेवून ते क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेले, पडद्यावरील सावली आरशांत पाहून ती हृदयापर्यंत पोंचविली आणि पुराव्यासाठीं चित्र काढविलें. (असलें साहस कोणीं करूं नये, हें शिक्षकास सांगणें भागच आहे!) त्या वेळीं त्यांच्या पदरीं टीकाच आली व पुढें ते मूत्ररोगांच्या चिकित्सेकडे वळले. नोबेल पारितोषिक मिळालें तें १९५६ सालीं, दोघां अमेरिकेंतील डॉक्टरांबरोबर.

आतां खरा प्रसंग पाहूं. जानेवारी १९६४ मध्यें अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं एका ८२ वर्षांच्या वृद्धेच्या पायाचीं बोटें रक्त न मिळाल्यामुळें सडूं लागलीं होतीं. पाय कापावा, असें शस्त्रवैद्यांचें मत पडलें. बाईनें साफ नकार दिला. तेव्हां तिला चार्ल्स डॉटर यांच्याकडे पाठविण्यांत आलें. हे गृहस्थ शस्त्रवैद्य नव्हेत, क्ष-किरणतज्ज्ञ होते. मांडीच्या धमनींत थोड्याच लांबीचा एक भाग आकुंचित झाला आहे, असें त्यांस चित्रांत दिसलें. त्यांनीं पडद्याकडे पाहत त्या भागांतून प्रथम एक तार नेली, तारेवरून एक नळी, आणि त्या नळीवरून अधिक जाड नळी सरकविली. वाट रुंद झाली. थंड पडलेला पाय उबदार झाला, आणि पुढें सुमारें अडीच वर्षांनीं मृत्यु येईपर्यंत ती वृद्धा आपल्याच दोन पायांवर चालत होती.

याच मार्गानें १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिच येथें आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं नळीच्या टोकाशीं इवलासा फुगा बसवून तो एका ३८ वर्षांच्या रोग्याच्या हृदयाच्या धमनींत फुगविला. रोगी त्या वेळीं पूर्ण जागा होता. आज आपल्या ओळखींतील वडीलधाऱ्यांची जी 'अँजिओप्लास्टी' होते, ती हीच.

या किरणांनीं किंमतही घेतली आहे. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हे किरणांच्या नळ्या स्वतःच्या हातांवर पारखून पाहत. त्या हातांस कर्करोग झाला, हात कापावे लागले, आणि १९०४ सालीं त्यांचा अंत झाला. म्हणून आजचे डॉक्टर अशा वेळीं शिशाचा अंगरखा घालतात व तार हलवावयाची असेल तेवढाच वेळ किरण सोडतात. जेथें भागतें तेथें ध्वनिलहरींची सोनोग्राफी वापरितात. तींत हे किरण मुळींच नसतात, आणि तिच्या साह्यानें यकृतांतील गांठीपर्यंत सुईसुद्धां नेतां येते.

मोडलेलें हाड वा छाती यांच्या चित्रास किरण फारच थोडे लागतात, त्याविषयीं पालकांनीं भय बाळगूं नये. मात्र पाल्यास दवाखान्यांत नेतांना पूर्वीचीं चित्रें बरोबर न्यावीं. तेवढ्यानें काम झालें तर नवें काढावें लागत नाहीं.