अर्ज कुठे आहे?

ओखल्याच्या एका एक्सपोर्ट कंपनीत मी तीन वर्षं अकाउंट्स सांभाळले. दर श्रावणात साहेबांच्या टेबलापाशी उभा राहायचो, "सर, गणपती के लिए रत्नागिरी जाना है, दस दिन." उत्तर ठरलेलं असायचं, "अभी सीज़न है यार, दिवाली के बाद देखते हैं." ख्रिसमसचा माल निघायचे ते दिवस, मलाही ते पटायचं. दिवाळी यायची, जायची. मी रजांचा हिशेब मनात ठेवत राहिलो. जमाखर्च लिहिणारा माणूस आणि हिशेब मनात!

नोकरी सोडताना तो कागदावर उतरवला. दिल्लीचा दुकाने व आस्थापना कायदा 1954 चा. सलग बारा महिने नोकरी झाली की वर्षाला किमान 15 दिवस हक्काची भरपगारी रजा, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठते. आजारपणाची किंवा किरकोळ रजा 12 दिवस, ती साठत नाही. माझी तीन वर्षं, म्हणजे 45 दिवस, म्हणजे दीड महिन्याचा पगार. फुल अँड फायनलच्या कागदावर रजेच्या रकान्यात शून्य होतं.

लेबर ऑफिसातल्या बाबूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एप्लिकेशन की कॉपी?" माझ्या पिशवीत नेमणूकपत्र होतं, पगाराच्या स्लिपा होत्या, बँकेचं पासबुक होतं. अर्ज नव्हता.

मेख तिथेच होती. मालकाने काढून टाकलं, तर शिल्लक रजेचा पगार त्याला द्यावा लागतो. आपण होऊन सोडणाऱ्याला मात्र अट आहे: रजा मागितलेली हवी आणि ती नाकारलेली हवी. मी मागितली होती, तीही दरवर्षी, पण तोंडी. साहेबांनी नाकारलीही नव्हती, "देखते हैं" म्हटलं होतं. बाबू म्हणाले, "बेटा, 'देखते हैं' का कोई रजिस्टर नहीं होता."

तेव्हा नव्याने इकडे आलेल्या आपल्या मुलामुलींना मी पहिलं हेच सांगतो, की साहेबाशी कितीही गोडीगुलाबी असो, रजा मेलवर मागा. तारखा घाला. तोंडी नकार आला तर त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहा, "आज आपण रजा देता येणार नाही असं सांगितलंत, नोंद असावी." थोडं आगाऊ वाटतं खरं. वाटू द्या. आणि तो मेल स्वतःच्या खात्यावरही ठेवा, कारण राजीनाम्याच्या दिवशी सगळ्यात आधी बंद होतो तो ऑफिसचा मेल.

दुसरी गोष्ट राज्याची. मी राहतो नोएडात, तेव्हा काम दिल्लीत होतं, आता गुरुग्रामला आहे. मेट्रोत बसल्या बसल्या कायदा बदलतो. राहत्या घराचा नाही, कामाच्या जागेचा कायदा लागतो. हरियाणात पंजाबचा 1958 चा कायदा आला, तिथे वीस दिवस कामामागे एक दिवस रजा. त्यात आता 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या श्रम संहिता आल्यात, म्हणून माझ्या जुन्या आकड्यांवर विसंबू नका. आपल्या आस्थापनेला आज काय लागू आहे ते विचारून घ्या.

सुट्ट्यांचा गैरसमज तर घरोघरी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरातली लाल तारीख खासगी कंपनीला बांधील नसते. केंद्राची यादी सरकारी कचेऱ्यांची, बँकांची सुट्टी 1881 च्या कायद्यातली. आपल्याला पक्क्या तीन: 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. गणेश चतुर्थी आणि पाडवा तर दिल्लीतल्या केंद्रीय कचेऱ्यांतही ऐच्छिक सुट्ट्या. डब्लिनचा मावसभाऊ यावर हसतो. तिकडे वर्षाला दहा सार्वजनिक सुट्ट्या, 2023 पासून त्यात सेंट ब्रिजिडचा दिवस वाढला. त्या दिवशी कामावर बोलावलं तर बदली सुट्टी नाहीतर जादा पगार. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात आठ भरपगारी सणसुट्ट्या आहेत, त्यातल्या चार वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कर्मचारी मिळून ठरवतात. ती कल्पना उचलून मी गुरुग्रामच्या ऑफिसात डिसेंबरातच गणपतीचा विषय काढला. आम्ही दोघंच मराठी, यादीत छठ आली, गणपती नाही आला.

मग रजा मागितली, मेलवर. मंगला एक्स्प्रेसचं तिकीट कन्फर्म होतं, रजा नामंजूर झाली. प्रिंट काढून फाइलला लावली आणि आईला फोन केला.