आडनाव आणि ग्रंथकार : समान आडनावाच्या लेखकांचे कथात्म व शास्त्रीय ग्रंथ

१. प्रास्ताविक

पदव्युत्तर वर्गातील प्रबंधिका तपासताना 'कुलकर्णी, पृ. ४२' अशी तळटीप वारंवार आढळते. हा कुलकर्णी कोणता, असे विचारले असता विद्यार्थी क्षणभर गोंधळतो, आणि अनेकदा त्याचे उत्तर चुकते. व्युत्पत्तिकोशकार कुलकर्णी, समीक्षक कुलकर्णी आणि कथाकार कुलकर्णी हे त्याच्या टिपणवहीत एकमेकांत मिसळून गेलेले असतात. ही चूक केवळ आळसातून होते असे नाही. मराठी आडनावाची घडण आणि आपण अलीकडे स्वीकारलेली संदर्भपद्धती यांच्यातील विसंगती तिच्या मुळाशी आहे. ही विसंगती कशी निर्माण झाली, तिच्यामुळे वाङ्मयाच्या आकलनात कोणते दोष शिरतात आणि अभ्यासकाने त्यावर कोणता उपाय योजावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. गावातील आडनाव आणि ग्रंथालयातील आडनाव

आडनाव मुळात कोणते काम करीत होते हे पाहण्यासाठी एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरते. धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे माकणी हे गाव घेऊ. निम्न तेरणा प्रकल्पाच्या जलाशयामुळे ते आज परिचित आहे. माकणीसारख्या गावात परंपरेने गावकीचा कारभार पाहणारा तो पाटील, जमीन-महसुलाचे दप्तर सांभाळणारा तो कुलकर्णी आणि पंचांग सांगणारा तो जोशी. निजामी राजवटीत सरकारदरबारी पटेल-पटवारी हे शब्द रूढ होते, तरी आडनावे म्हणून पाटील आणि कुलकर्णी टिकून राहिली. गावाच्या वेशीच्या आत 'कुलकर्ण्यांचा वाडा' एवढे म्हटले की पुरते; कारण ते पद त्या गावापुरते एखाद्या घराण्याकडेच असे. मात्र वेशीबाहेर पडताच या आडनावाची ओळखशक्ती संपते, कारण प्रत्येक गावाला त्याचा कुलकर्णी असतोच.

'-कर' प्रत्ययान्त आडनावाचे याच्या नेमके उलट आहे. माकणीत 'माकणीकर' या शब्दाने कोणाचीच ओळख पटत नाही. तेथे सगळेच माकणीकर. माणूस गाव सोडून दुसरीकडे स्थायिक झाला म्हणजे ते नाव अर्थपूर्ण होते. थोडक्यात, वतनी आडनाव गावात उपयोगी पडते आणि ग्रामनामावरून आलेले आडनाव गावाबाहेर.

ग्रंथालय हे सर्व गावांची आडनावे एकत्र येण्याचे ठिकाण आहे. तेथे वतनी आडनावे निरुपयोगी ठरतात, हे वरील विवेचनावरून सहज लक्षात येईल. या वतनव्यवस्थेचा मराठीतील पायाभूत ग्रंथ म्हणजे 'गावगाडा' (१९१५). त्याचे कर्ते त्रिंबक नारायण आत्रे. नाटककार व विनोदकार प्रल्हाद केशव अत्रे यांच्या आडनावाशी त्यांच्या आडनावाचा फरक एका कान्याचा. आडनावांचा उगम समजावून देणारा ग्रंथही समान आडनावाच्या अडचणीतून सुटलेला नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते.

३. एक आडनाव, अनेक लेखक

कुलकर्णी या आडनावाखाली मराठीत किती भिन्न वाङ्मयप्रकार एकत्र येतात ते पाहा. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी हे भाषाशास्त्रज्ञ. 'मराठी भाषा : उद्गम व विकास' आणि 'मराठी व्युत्पत्तिकोश' (१९४६) हे त्यांचे ग्रंथ. १९५२ च्या अमळनेर येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वामन लक्ष्मण कुलकर्णी हे समीक्षक व अध्यापक. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाल्यानंतर तेथील मराठी विभागाची उभारणी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६५ च्या हैदराबाद संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. दत्तात्रय भिकाजी कुलकर्णी हे नागपूरचे समीक्षक; २०१० च्या पुणे संमेलनाचे अध्यक्ष. आणि या सर्वांपासून दूर, धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करीत कथालेखन करणारे जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७). 'निळासावळा' (१९५९), 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन', 'काजळमाया' (१९७२), 'पिंगळावेळ' (१९७७) या संग्रहांनी मराठी कथेला नवे परिमाण दिले. 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनी तो परत केला.

गुंतागुंत येथेच संपत नाही. 'जीएंची महाकथा' हा ग्रंथ द. भि. कुलकर्णी यांचा आहे. त्यामुळे अभ्यासविषय कुलकर्णी आणि अभ्यासकही कुलकर्णी. जीएंवरील प्रबंधिकेत 'कुलकर्णी म्हणतात' असे लिहिले तर ते कथेतील निवेदनाविषयी आहे की समीक्षकाच्या मताविषयी, हे वाचकाला कळत नाही. कथेतील निवेदकाचे विधान समीक्षकाच्या तोंडी घालणे आणि समीक्षकाचा निष्कर्ष कथाकाराची भूमिका मानणे, हे दोन्ही दोष अशा तळटीपेतून संभवतात. कथात्म लेखनातील वाक्य आणि शास्त्रीय लेखनातील वाक्य यांचा सत्याशी असणारा संबंध मुळात वेगळा असतो. नावाचा गोंधळ हा म्हणूनच पुढे अर्थाचा गोंधळ होतो.

पाटील या आडनावाचीही अशीच स्थिती आहे. 'टारफुला' (१९६४) लिहिणारे शंकर पाटील, 'पानिपत' (१९८८) व 'झाडाझडती' लिहिणारे विश्वास पाटील हे कथात्म साहित्याच्या बाजूला. 'दास-शूद्रांची गुलामगिरी' लिहिणारे विचारवंत शरद पाटील आणि समीक्षक म. सु. पाटील हे विवेचक साहित्याच्या बाजूला. पाटील हे पद असल्यामुळे अनेक जातींत व धर्मसमूहांत हे आडनाव आढळते. आडनावावरून जात आणि जातीवरून लेखकाची दृष्टी ठरविण्याची घाई करणाऱ्या अभ्यासकाला हे एकच उदाहरण सावध करण्यास पुरेसे आहे.

पाश्चात्त्य वाङ्मयातही समान आडनावे आढळतात. कादंबरीकार हेन्री जेम्स आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स, कादंबरीकार ऑल्डस हक्स्ली आणि जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली या जोड्या प्रसिद्ध आहेत. पण हे भाऊ भाऊ आहेत; तेथे समान आडनाव खरोखरच एका घराकडे बोट दाखविते. आपल्याकडील वतनी आडनाव घराकडे नव्हे, तर पदाकडे बोट दाखविते. म्हणून 'कुलकर्णी परंपरा' किंवा 'जोशी घराण्याचे लेखन' अशी कल्पना करणे निराधार ठरते.

४. एक लेखक, दोन कपाटे

गोंधळाची दुसरी बाजू याहून अधिक सूक्ष्म आहे. वेगवेगळ्या व्यक्तींना एक मानण्याची चूक जशी होते, तशी एकाच व्यक्तीला दोन मानण्याचीही होते. जोशी या आडनावाखाली ती विशेष दिसते. 'रागिणी', 'सुशीलेचा देव', 'इंदू काळे व सरला भोळे' या कादंबऱ्यांचे लेखक वामन मल्हार जोशी हेच नीतिशास्त्रावर विवेचक ग्रंथ लिहिणारे वामन मल्हार होत. चिमणरावाचा निर्माता चिं. वि. जोशी हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते; बौद्ध वाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा होता. विनोदाच्या कपाटातील जोशी आणि पालीच्या कपाटातील जोशी यांना विद्यार्थी दोन माणसे समजला, तर त्या विनोदामागील समंजस, क्षमाशील दृष्टीचा एक स्रोत त्याच्या नजरेतून निसटतो.

याच आडनावात आणखी एक पेच आहे. लक्ष्मणशास्त्री जोशी आणि महादेवशास्त्री जोशी या दोघांनाही 'शास्त्री' ही उपाधी आणि दोघेही कोशकार. लक्ष्मणशास्त्री धर्मकोशाचे संपादक व मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक. त्यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला १९५५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महादेवशास्त्री मूळचे गोव्याच्या सत्तरी भागातले. गोव्याच्या जीवनावरील कथा त्यांनी लिहिल्या आणि 'भारतीय संस्कृतिकोश'ही त्यांनीच सिद्ध केला. 'कोशकार जोशीशास्त्री' एवढी खूण येथे अपुरी पडते. महादेवशास्त्रींच्या कथा वाचल्याशिवाय त्यांच्या कोशातील लोकाचाराच्या नोंदींमागची आस्था पुरती उमगत नाही. म्हणून त्यांचे दोन्ही प्रकारचे लेखन एका नावाखाली ठेवणे आवश्यक ठरते.

५. स्त्री-लेखिका आणि बदलणारे आडनाव

स्त्री-लेखिकांच्या बाबतीत आडनाव ही खूण अधिकच अविश्वसनीय होते. 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) विभावरी शिरूरकर या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. त्या काळात बाळूताई खरे या नावाने विवेचक लेखन करणाऱ्या लेखिका त्याच. विवाहानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. म्हणजे एकाच व्यक्तीचे लेखन तीन आडनावांखाली विखुरले. उलटपक्षी 'बेडेकर' या नोंदीखाली मालतीबाई, 'रणांगण' (१९३९) या कादंबरीचे लेखक आणि त्यांचे पती विश्राम बेडेकर, तसेच साहित्यविचारक दि. के. बेडेकर असे तीन भिन्न प्रकृतीचे लेखक एकत्र येतात. '-कर' आडनावही ग्रंथालयात पुरेसे ठरत नाही, हे यावरून दिसते.

कुसुमावती देशपांडे या पूर्वाश्रमीच्या जयवंत. 'दीपकळी'सारखे कथासंग्रह आणि 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा समीक्षाग्रंथ दोन्ही त्यांचेच. गौरी देशपांडे यांचे आडनाव तेच. पण कुसुमावतींशी त्यांचा संबंध जोडण्यास आडनाव हा आधार होऊ शकत नाही. त्यांच्या मातोश्री म्हणजे 'युगान्त' लिहिणाऱ्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे. जेथे आडनाव एक तेथे नाते गृहीत धरता येत नाही आणि जेथे आडनाव वेगळे तेथे आई-मुलीचे नाते आहे. कौटुंबिक-वैचारिक वारशाचा अभ्यास आडनावाच्या आधारे करू पाहणाऱ्याने हा दाखला विसरू नये.

६. परंपरेने शोधलेला उपाय

मराठी वाङ्मयव्यवहाराने या अडचणीवर फार पूर्वीच उपाय शोधला होता. संतमंडळीत व्यक्तिनामाला व्यवसाय जोडून ओळख दिली जाई. तेरचे गोरा कुंभार हे या परिसरातील उदाहरण. तरीही नामसाम्याचे प्रश्न उरलेच. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचनांची सरमिसळ, तसेच 'ज्ञानेश्वरी'कर्ते ज्ञानदेव व अभंगकर्ते ज्ञानदेव हे वेगळे असल्याचा 'भारद्वाज' या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला पक्ष, यांवर झालेली चर्चा प्रसिद्ध आहे. ती चर्चा नावापाशी थांबली नाही. भाषा, काळ, संप्रदाय आणि नाममुद्रा यांचे पुरावे तपासावे लागले. नामसाम्य उलगडण्याची शिस्त आपल्याकडे आधीपासून आहे, असा याचा अर्थ.

आधुनिक काळात ही शिस्त बोलण्यातील संबोधनांत उतरली. आपण 'कुलकर्णी' म्हणत नाही, 'जीए', 'वा. ल.', 'द. भि.' असे म्हणतो. वा. लं.नी आपल्या ग्रंथांना 'वामन मल्हार : वाङ्मयदर्शन' आणि 'श्रीपाद कृष्ण : वाङ्मयदर्शन' अशी नावे दिली. जोशी आणि कोल्हटकर ही आडनावे त्यांनी शीर्षकात घेतली नाहीत, आणि तरीही कोणाचा गैरसमज झाला नाही. मराठीत लेखकाची खरी ओळख त्याच्या नावात व आद्याक्षरांत असते, आडनावात नसते, हे या प्रथेने जणू सिद्धच केले आहे. 'आडनाव, वर्ष' ही आयात संदर्भपद्धती नेमकी तीच ओळख पुसून टाकते आणि जी खूण निरुपयोगी, तिला अग्रस्थान देते.

७. अभ्यासकांसाठी सूचना

वरील विवेचनाच्या आधारे काही सूचना करता येतील. पहिली, लेखाच्या ओघात व तळटीपेत लेखकाचा उल्लेख आद्याक्षरांसह करावा. केवळ आडनाव कधीही लिहू नये. दुसरी, संदर्भसूचीत पूर्ण नाव द्यावे आणि शक्य तेथे जन्मवर्ष नोंदवावे. तिसरी, शंका आल्यास ग्रंथाच्या प्रस्तावनेखालील स्थळ व दिनांक, अर्पणपत्रिका आणि मलपृष्ठावरील इतर ग्रंथांची यादी पाहावी. तीन पुरावे जुळल्याशिवाय निर्णय करू नये. चौथी, शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आणि 'संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश' ही साधने हाताशी ठेवावीत. पाचवी, स्त्री-लेखिकांच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरचे नाव व टोपणनाव यांची परस्परनोंद करावी. सहावी, लेखकाने कथात्म व शास्त्रीय असे दोन्ही लेखन केले असल्यास ते एकाच नोंदीखाली आणून मगच त्याच्या दृष्टीविषयी विधान करावे.

८. समारोप

आडनावाचा प्रश्न किरकोळ वाटतो. पण कोणी काय म्हटले हे नेमके सांगणे हीच संशोधनाची पहिली अट आहे. माकणीच्या वेशीत पुरेसे असलेले 'कुलकर्णी' हे नाव विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुरत नाही, कारण तेथे शेकडो गावांचे कुलकर्णी शेजारी शेजारी उभे असतात. त्यांतील प्रत्येकाला त्याचे नाव परत देणे हे अभ्यासकाचे काम आहे. तसे केल्याने कथाकाराचे श्रेय कथाकाराला, कोशकाराचे कोशकाराला मिळते, आणि ज्यांनी दोन्ही प्रांतांत लेखन केले त्यांच्या प्रतिभेचे अखंड रूप आपल्याला दिसू लागते.