घरच्या घरी विनोदी व्हॅम्पायरपट

तायका वायटिटी आणि जेमेन क्लेमेंट यांनी २००५ मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला एक लघुपट केला. त्यातूनच पुढे ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ (२०१४) हा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. शेकडो वर्षं जगलेले व्हॅम्पायर एका घरात राहतात आणि भांडी कुणी घासायची यावरून भांडतात. भीती दाखवायला पैसा लागतो, भांडण फुकट होतं. दहा मिनिटांचा लघुपट याच हिशेबाने करायचा.

साहित्य: मोबाइल, ट्रायपॉड, कॉलर माइक, दोन टेबललॅम्प, काळा कार्डपेपर, आरसा, एकसारखे दोन पांढरे शर्ट. रक्तासाठी एक वाटी लिक्विड ग्लुकोज, खाण्याचा लाल व निळा रंग, एक चमचा कोको पावडर.

कृती

१. व्हॅम्पायरचा एकच नियम निवडा आणि तो रोजच्या अडचणीला जोडा. आमंत्रणाशिवाय आत जाता येत नाही, हा जुना नियम. वरच्या चित्रपटात त्यामुळे ही मंडळी नाइटक्लबच्या दारात खोळंबतात.

२. बाज माहितीपटाचा ठेवा. हलता कॅमेरा आणि घरचे दिवे त्यात खपून जातात. पात्रांनी मात्र गंभीरच राहायचं.

३. कोको थोड्या कोमट पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि ग्लुकोजमध्ये मिसळा. लाल रंग थोडा थोडा घाला, शेवटी निळ्याचे एक-दोन थेंब. फार घट्ट वाटलं तर पाणी घाला. पांढऱ्या फडक्यावर ओघळ सोडून कॅमेऱ्यातून पाहा. गुलाबी दिसला तर कोको वाढवा.

४. तयार सुळे आणा. ते दातांना फेव्हिक्विकने कधीही चिकटवू नका. सुळे लावले की उच्चार बोबडे होतात, म्हणून तालीम सुळे लावूनच करा.

५. खिडक्या कार्डपेपरने आतून बंद करा. दिवसाही रात्र मिळते. कागद चित्रात दिसला तरी बिघडत नाही, कारण या घरात उन्हाची धास्ती असणारच.

६. व्हॅम्पायर आरशात दिसत नाही, हा नियम निवडला असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करा. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. एकदा नटासह आणि एकदा रिकाम्या खोलीत चित्रण करा. संकलनात फक्त आरशाचा भाग रिकाम्या चित्रणातून घ्या. नटाचा हात आरशाच्या काचेपुढे येऊ देऊ नका.

७. पटकथा लिहा, पण नटांना फक्त प्रसंग सांगा. वायटिटी-क्लेमेंट यांनीही लिहिलेली संहिता नटांना दाखवली नव्हती. संवाद जागेवरच सुचत गेले. त्यांच्याकडे सुमारे सव्वाशे तासांचं चित्रण जमलं. तुम्ही एका प्रसंगाला तीन टेकची मर्यादा घाला.

८. संकलन करताना विनोद झाला की लगेच कापा. समजावून सांगणारं वाक्य आधी काढा.

टीप: रक्ताचा प्रसंग सगळ्यात शेवटी घ्या. दुसऱ्या शर्टावर रक्त पडलं की टेक संपले. खाण्याचा रंग चुन्याच्या भिंतीवरून सहज निघत नाही. घर दुसऱ्याचं असेल तर भिंतीवर आधी प्लास्टिक लावा.