पंखे फिरतात, पडदा मात्र काळा

प्रश्न : घरी जोडलेल्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड आणि रॅम बसवली. पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही. – एक वाचक, मांडवा

उत्तर : आधी मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, नव्या कार्डालाच जोडली आहे ना, ते बघा. कार्डाला वेगळी वीजजोडणी लागत असेल तर ती खटकन बसली पाहिजे. रॅम डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटे थांबा. मदरबोर्ड तिची जुळणी करत असतो.

तरीही काळाच? प्लग काढून एकच रॅम ठेवा. मांडव्याच्या खाऱ्या, दमट हवेत स्लॉटच्या पिनांवर थर बसतो, म्हणून रॅमचे सोनेरी टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसा. खोडरबर नकोच, त्याने मुलामा झिजतो. मग जुने कार्ड लावून पाहा. त्यावर चित्र आले, तरच नवे कार्ड घेऊन मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा संगणक-बाजार गाठा.