कॅमेऱ्याला रेनकोट

प्रश्न : गणपतीच्या मिरवणुकीचे फोटो काढायचेत आणि पावसाचा नेम नाही. माझा कॅमेरा ‘वेदर सील्ड’ आहे, मग झाकायची गरज काय? भिजलाच तर तांदळात ठेवू का?
– एक वाचक, कोयली (वडोदरा)

उत्तर : झाकाच. ‘वेदर सील्ड’ म्हणजे शिंतोडे सोसणारा, जलरोधक नव्हे. लेन्सही तशीच हवी. साध्या प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून ते लेन्सहूडवर रबरबँडने आवळा, हात खालून घाला. पावसात लेन्स बदलू नका. भिजलाच तर लगेच बंद करून बॅटरी, कार्ड काढा आणि सुती फडक्याने टिपा. तांदूळ नको, त्याची भुकटी फटींत शिरते. हेअर ड्रायरही नको. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात दोन दिवस ठेवा. तोवर चालू करून पाहायचा मोह टाळा. थोड्या शिंतोड्यांनी घाबरू नका. मिरवणूक जरूर टिपा!