दुर्बिणीचे गणित आणि त्याची पारख

दुर्बिणीचा आराखडा करताना आरशांची वक्रता, भिंगांची जाडी व त्यांमधील अंतरे संगणकास पुरविली, की त्यातील आज्ञावली शेकडो प्रकाशकिरणांचे मार्ग क्षणार्धात रेखाटून देते. उत्तरे दशांशचिन्हापुढे अनेक स्थळांपर्यंत येतात. परंतु त्यांवर विसंबावे किती?

यंत्र आकडेमोडीत क्वचितच चुकते. चूक बहुधा त्यास पुरविलेल्या माहितीत असते. म्हणून पहिली कसोटी अशी, की ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे उदाहरण त्यास घालावे. समजा, आरशाचा व्यास १५० मिलिमीटर, नाभीय अंतर १,२०० मिलिमीटर व वक्रता-त्रिज्या २,४०० मिलिमीटर आहे. आरसा अन्वस्ताकार असल्यास अक्षाला समांतर येणारे सर्व किरण एकाच बिंदूत मिळाले पाहिजेत. तोच गोलीय केल्यास कडेपाशी दोन्ही पृष्ठांत पडणारा फरक कागदावरही काढता येतो. ७५ चा चतुर्थ घात घ्यावा व त्यास २,४०० च्या घनाच्या आठपटीने भागावे; उत्तर सुमारे ०.२९ मायक्रॉन येते. आज्ञावलीचे उत्तर याहून फार निराळे असेल, तर एखादे चिन्ह किंवा एकक चुकले आहे असे समजावे.

दुसरी कसोटी अर्थाची. किरणांचे गणित ताऱ्याची प्रतिमा बिंदुरूप दाखविते. पण प्रकाश तरंगरूप असल्यामुळे विवर्तन टळत नाही. हिरव्या प्रकाशात वरील आरशाने पडणारी ताऱ्याची तबकडी सुमारे १०.७ मायक्रॉन व्यासाची असते. किरणांचा ठिपका त्याहून पुष्कळ लहान झाल्यावर तो आणखी लहान करीत बसणे व्यर्थ होय.

तिसरी कसोटी स्वतंत्र पडताळ्याची. १९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा आरसा गणिताप्रमाणे निर्दोष होता. परंतु घडणीच्या वेळी तो पारखणाऱ्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटरने सरकलेले होते. त्यामुळे आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट झाली व प्रतिमा अंधुक आल्या. अन्य दोन उपकरणांनी हा दोष दाखविला होता. पण ती कमी अचूक मानून त्यांचा इशारा दूर ठेवण्यात आला. अखेर १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी दुरुस्तीची प्रकाशयंत्रे बसविली, तेव्हा प्रतिमा स्पष्ट झाल्या.

तात्पर्य, दोन स्वतंत्र मार्गांची उत्तरे जुळत नसतील, तर सोयीचे उत्तर निवडू नये. फरकाचे कारण शोधावे.